स्थूल व्यक्तींनी आरोग्य शिबिराला येताना पाळावयाच्या सूचना

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत मोफत आरोग्य तपासणी शिबिर झालं. दंडावर लाल वळ आणि हातात 'रक्तदाब १५२/९६' लिहिलेली चिठ्ठी, एवढी कमाई झाली. पुणेकरांना सूचना वाचायची सवय असतेच; तेव्हा कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या समस्त वजनदार मंडळींसाठी या आणखी काही.

सर्वप्रथम, बारीक होऊन या. तपासणाऱ्यांना सोपं जातं.

वजनकाट्यावर चढलात की आकडा पुकारला जाईल. लिहिणारा मुलगा दोन टेबलं सोडून बसतो. त्याला ऐकू जायचं तर रांगेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही जाणारच. 'तब्येत सुधारली हं!' असं त्या म्हणतील. हसावं.

रक्तदाब मोजताना मात्र विशेष सहकार्य करा. शेजारीच चहाचा थर्मास असतो, आधी कपभर घ्या. जिना चढून आल्या आल्या, खुर्चीत टेकायच्या आत हात पुढे करा. बाही वर सारून दंडाला काचू द्या. पायावर पाय टाका, हात अधांतरी लोंबू द्या. मशीन फुगत असताना ताई विचारतील, 'वर्षभरात किती वाढलं?' सविस्तर उत्तर द्या. दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा, म्हणजे कफ, पुरला नाही आणि वेल्क्रो मध्येच टर्रकन सुटला, तर माफी मागा. चूक दंडाची आहे.

आता याचा हिशोब मांडतोच. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतचा मध्य काढा आणि तिथे शिंप्याच्या टेपने घेर मोजा. २७ ते ३४ सेंटिमीटर भरला तर नेहमीचा कफ. ३५ ते ४४ ला मोठा. त्यापुढे आणखी मोठा. कफच्या आतली रबरी पिशवी घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढणारी हवी. ती तोकडी पडली की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते, आणि ती जास्तीची हवा मशीन तुमचा रक्तदाब म्हणून दाखवतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत हे मोजून झालंय: ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा लावला, तर वरचा आकडा सरासरी विसाच्या आसपास फुगतो. म्हणजे १३० चे १५०! त्यात चहा, जिना आणि गप्पा वेगळ्याच. आणि या आकड्यावर सल्ला काय, तर 'वजन उतरवा'. अहो, आधी कफ बदला! लक्ष्मी रोडवरचा ब्लाउजवालासुद्धा दंड बघून माप बदलतो. बॅनरवर इच्छुक उमेदवाराचा चेहरा दहा फुटी, आणि कफ मात्र साऱ्या गावाला मिळून एकच. उलट सडपातळ आजींना तोच कफ सैल होतो, आकडा कमी दिसतो, आणि त्या बिचाऱ्या 'माझं काही नाही हो' म्हणत घरी जातात.

बारीक मंडळींनी काहीच तपासू नये, हेही ओघाने आलंच. याच शहरातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पण आपण काट्यावरच विश्वास ठेवू. पोटाचा घेर मोजायला टेप लागतो, तेवढा खर्च कोण करणार? (शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर मोजायचं. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा.)

जाताना डाएटची झेरॉक्स घ्यायला विसरू नका. कोमट पाणी-मध-लिंबू, भात बंद, सातनंतर तोंड बंद. साठीच्या आजोबांना आणि बाळंतिणीला एकच कागद. अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि वजन परत येतं तेव्हा बहुतांशी चरबी होऊनच येतं. उसळ, डाळ, अंडं, ताक वाढवा, जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, असं त्या कागदावर कुठेही नाही.

आणि शरीरावर प्रेम करायचं असेल तर फक्त स्टेटसवर करा.

पुरे झाली थट्टा. आयोजकहो, तीन मापांचे कफ आणता येत नसतील तर रक्तदाबाचं टेबल मांडूच नका. माणसाला पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकू द्या, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि दोनदा मोजा. एका चिठ्ठीवर कुणाला गोळी लावू नका. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगा. तिथे सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांकडे धाडा.

आणि तुम्ही, जे 'मी आहे तसा मला आवडतो' म्हणत तीन वर्षं लॅबची पायरी चढला नाहीत! आवडा की, कोण नको म्हणतंय? काट्यावर चढायचं नसेल तर चढू नका, पण तपासणीला रक्त द्या. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, ५.७ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं असतं, ६.५ झालं की मधुमेहाचं निदान असतं, मग तुमचं माप एस असो वा फोर एक्सएल. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम यांनी वजन एक किलोही उतरलं नाही तरी रक्तदाब आणि साखर सुधारू शकते. तळजाई आहे, पर्वती आहे, काही नाही तर घरचा जिना आहे. कोण बघतंय, कोण हसतंय, म्हणून घरात बसून राहायचं वय आहे का हे?