माणशी मर्यादा आणि पुतणे-भाचे
अमेरिकेतल्या शेती सबसिडीवर एक लेख वाचला, त्यात आयोवा राज्यातल्या एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यासारखं) ती सबसिडी कोणाला जाते त्याची यादी दिलीय, वरची सगळी नावं ‘अमुक फार्म्स पार्टनरशिप’ छापाची, यात नवल ते काय. २०१४ च्या फार्म बिलात, म्हणजे तिथल्या शेतीच्या कायद्यात, सबसिडीला माणशी वर्षाला सव्वा लाख डॉलरची मर्यादा होती, पण बायकोचे वेगळे सव्वा लाख, आणि जनरल पार्टनरशिप (साधी भागीदारी) केली की जितके पार्टनर तितक्या मर्यादा, २०१८ च्या फार्म बिलात तर अशी मर्यादा मिळू शकणाऱ्या घरच्या माणसांत चुलत-मामे भावंडं, पुतणे, भाचे पण बसवले. आपल्याकडे जमिनीच्या सीलिंगच्या वेळी जमिनी नातेवाइकांच्या नावावर चढल्या तसंच की, इथे फक्त कायद्यानेच दार उघडून दिलंय.

आमच्या शेजारचे आजोबा १६० एकर करायचे, मका-सोयाबीन. २०१८ ला चीनशी टॅरिफचं भांडण झालं, सोयाबीनचा भाव पडला तेव्हा त्यांनाही सरकारी चेक आला, कंबाइनच्या (कापणी-मळणीच्या यंत्राच्या) एका हप्त्यातच संपला म्हणाले. आता जमीन भाड्याने दिलीय, कोणाला, तर असल्याच एका पार्टनरशिपला!! आणि पीकविम्याच्या प्रीमियमचा मोठा हिस्सा सरकार भरतं त्याला तर माणशी मर्यादाच नाही, ते लेखात आलंच नाही राव