‘रोगट झाडं खपवली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. दारातल्या झाडाची साल एकदम गळायला लागली की कोणीही घाबरेल.

पण तुम्ही लिहिलंय, "रोगट झाडं खपवली, चार वर्षांत खोडं सोलून निघाली, पैसे परत करा." यातला ‘रोगट’ हा शब्द मला फार लागला. जळगावात माझं गिऱ्हाईक एकमेकांच्या सांगण्यावरून येतं आणि नर्सरीचं वर्षभराचं पोट जून-जुलैच्या विक्रीवर असतं. पावसाळा तोंडावर असताना हा शब्द लोक वाचतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे फोटो मोठे करून बघितले. फाटकाजवळचे दोन्ही अर्जुन आणि मागचा पेरू, तिघांचे पापुद्रे सुटलेत आणि खाली गुळगुळीत, फिकट साल दिसतेय. हा रोग नाही. खोड जाड होत जातं, पण बाहेरची मेलेली साल ताणली जात नाही. ती तडकते आणि गळते, कारण खाली नवी साल आधीच तयार झालेली असते. अर्जुन, पेरू, निलगिरी, सगळ्यांचं हेच. यावल-पालकडे सातपुड्यात जाऊन बघा, सालईचे पापुद्रे कागदासारखे सुटलेले असतात, कांडोळाचं खोड तर पांढरंफटक दिसतं. ती झाडं ठणठणीत असतात.

रोग असता तर डिंक गळाला असता, साल ओली होऊन कुजकट वास आला असता, किडीची भोकं आणि त्यातून पडलेला भुसा दिसला असता. तुमच्या फोटोत यातलं काही नाही. नखाने बारीकसं खरवडा, आत ओलं हिरवं दिसेल. आणि चार वर्षांचं म्हणाल, तर रोपं नेली तेव्हा खोडं अंगठ्याएवढी होती. आज ती मनगटाहून जाड आहेत. खोड भरलं म्हणूनच साल सुटली ना! एवढ्या वाढलेल्या झाडांचे पैसे परत देणं मला परवडत नाही आणि न्यायाचंही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र बघवली नाही. एका अर्जुनाची न सुटलेली सालही कोणीतरी कोयत्याने तासलीय आणि वर जळकं ऑइल फासलंय. पानांनी तयार केलेलं अन्न या जिवंत सालीतूनच मुळांकडे जातं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं गेलं तर मुळं उपाशी राहून झाड मरतं. त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, उघडी कोवळी साल पश्चिमेच्या बाजूने भाजून निघते. आधी एकदा विचारलं असतं तर मी स्वतः आलो असतो.

खरी दुखापत ताम्हणाला आहे. जमिनीलगत साल तुटून लाकूड उघडं पडलंय, तेही एकाच उंचीवर गोल. हे गवत कापायच्या मशीनच्या नायलॉन दोरीचं काम आहे, नर्सरीतून रोप असं आलेलं नाही. आपल्या राज्याचं फूल देणारं झाड आहे, त्याला वाचवूया. बुंध्याभोवती हातभर जागा गवतापासून मोकळी ठेवा, तिथलं गवत हाताने उपटा. जखमेला बोर्डो पेस्ट लावायची: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडं प्लास्टिकचं घ्यायचं, लोखंडाचं नाही.

या आठवड्यात आमचा माणूस येऊन पेस्ट लावून देईल, त्याचे पैसे घेणार नाही. यापुढे रोपासोबत सालीबद्दल काहीतरी लिहून द्यायचंही बघतो. तोवर खोडाला कोयता लावू देऊ नका, ऑइल तर अजिबात नको. नखाखाली हिरवं दिसलं तर तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण ‘रोगट’ तेवढं काढा.