जुगाराची लत म्हणजे ‘मनाचा दुबळेपणा’? एक खुलासा

‘जुगार हा आजार नाही. ज्याचं मन कच्चं, तोच हरत राहतो. त्याचं कर्ज फेडून दिलं तरी लत सुटत नाही,’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशन या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्येच आपल्या मानसिक विकारांच्या यादीत या विकाराची नोंद केली, तीही आवेग न आवरण्याच्या विकारांत. २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवलं. नऊपैकी किमान चार लक्षणं बारा महिन्यांत दिसली, तर निदान होतं. त्यातलं एक आपल्या चांगल्या ओळखीचं: हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळायला जाणं.

आता इच्छाशक्तीचं. पार्किन्सन (कंपवात) या आजारावरच्या प्रामिपेक्सोलसारख्या, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम करणाऱ्या औषधांमुळे काही रुग्णांना अचानक जुगाराची ओढ लागते. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेल्यांनाही. डोस कमी केला की ती बऱ्याचदा ओसरते (हे डॉक्टरांनीच करायचं, स्वतः गोळ्या बंद करायच्या नाहीत). मन तेच, माणूस तोच. मग कच्चं काय होतं?

संदेशातली एक गोष्ट मात्र खरी: कर्ज फेडून दिल्याने लत सुटत नाही. उपयोग होतो तो मानसोपचारांचा, विशेषतः विचार-वर्तन उपचारपद्धतीचा.