चिकटलेले सुटते कसे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खनिजांच्या पृष्ठभागांवर जीवनाची पूर्वतयारी कशी झाली असावी, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. खनिजाला चिकटणे म्हणजे घडणे नव्हे, आणि जे घट्ट चिकटले ते सुटणार कसे? उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, तिचा समतोल बदलू शकत नाही, तेव्हा रेणूंच्या साखळ्या वाढण्याचे श्रेय मातीला कसे द्यायचे? प्रयोगातली माती आणि रसायने दोन्ही माणसाने तयार केलेली होती. ‘माती हाच पहिला जनुक’ हा रसायनशास्त्रज्ञ केर्न्स-स्मिथ यांचा विचार मी मागच्या दाराने आत आणतो आहे. आणि शेवटी, माती इतकी गुणी असेल तर आपल्या काळ्या रानात आज नवा जीव का उगवत नाही?

समतोलाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे आपण बरोबर आहात आणि माझे वाक्य चूक होते. ‘चिकणमातीने आरएनए घडवला’ असे मी लिहिले होते. आरएनए म्हणजे न्यूक्लिओटाइड नावाच्या घटकांची, वारशाची माहिती वाहू शकणारी साखळी. दोन न्यूक्लिओटाइड जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. त्यामुळे भोवती सगळे पाणीच असेल तर समतोल साखळी तुटण्याच्या बाजूला झुकतो, आणि तो झुकाव कोणताही उत्प्रेरक उलटवू शकत नाही. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे रसायनशास्त्रज्ञ जेम्स फेरिस यांच्या प्रयोगांत ज्या साखळ्या वाढल्या, त्यांची ऊर्जा मातीतून आलेली नव्हती. न्यूक्लिओटाइडच्या फॉस्फेटला आधीच इमिडॅझोल हा सहज सुटणारा रासायनिक गट जोडून त्याला सक्रिय केलेले होते, आणि तो गट सुटताना मिळणाऱ्या ऊर्जेवर सांधा बसत होता. असा सक्रिय घटक नुसत्या पाण्यात सोडला, तर तो बहुतेक पाण्याशीच अभिक्रिया करून वाया जातो. जोडला गेलाच, तर बहुधा 2'-5' सांध्याने, म्हणजे आजच्या आरएनएच्या साखळीत असतो त्याहून वेगळ्या सांध्याने, जोडला जातो. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीतील खनिजाच्या सान्निध्यात अॅडेनोसिनच्या घटकांमध्ये 3'-5' सांधे, म्हणजे आजच्या आरएनएतले सांधे, वरचढ ठरतात. मातीचे काम वेगाचे आणि निवडीचे आहे. मूळ वाक्य मी तसे दुरुस्त केले आहे.

त्याच जागी आणखी एक कबुली देतो. 1996 साली फेरिस, लेस्ली ऑर्गेल आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलेल्या 55 घटकांपर्यंतच्या साखळ्यांचा उल्लेख मी असा केला होता, की त्या एका बैठकीत तयार झाल्या असे वाटावे. त्यातली आरएनएची साखळी दहा घटकांच्या तयार तुकड्यापासून सुरू झाली होती आणि तिला रोज ताजे सक्रिय न्यूक्लिओटाइड पुरवले जात होते.

आता चिकटण्याचा प्रश्न, ज्यावर आपले आणि माझे खरे मतभेद आहेत. मॉन्टमोरिलोनाइटचा एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि एका ग्रॅममधल्या सगळ्या पापुद्र्यांचे पृष्ठफळ 700 ते 800 चौरस मीटर भरते, म्हणजे चिमूटभर मातीत सात-आठ गुंठे जमीन. पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो आणि आरएनएच्या फॉस्फेटवरही ऋणच. तरीही रेणू तेथे थांबतात, कारण मॅग्नेशियमसारखे धन आयन दोघांमध्ये दुवा धरतात आणि न्यूक्लिओटाइडचे चपटे बेस पृष्ठभागाला लगटून बसतात. यालाच अधिशोषण म्हणतात. ही एकच घट्ट मिठी नसते. प्रत्येक घटकाची पकड सैल असते आणि अशा अनेक पकडींची बेरीज होते. त्याचा परिणाम असा, की एकटा-दुकटा घटक येतो आणि जातो, चार-पाच घटकांचा तुकडा थोडा अधिक वेळ टिकतो, आणि लांब साखळी बराच काळ तग धरते. ऑर्गेल यांनी 1998 साली नेमका हाच युक्तिवाद मांडला होता: ताजे द्रावण वरून वाहत राहिले, तर आखूड तुकडे वाहून जातील आणि लांब साखळ्या जागेवर वाढत राहतील. आपण ज्याला दोष म्हणता, तोच येथे चाळणीचे काम करतो.

आपल्या आक्षेपात तरीही एक दात उरतोच. खूप लांब झालेली साखळी इतकी धरली जाईल की तिला घडी घालता येणार नाही, आणि घडी नाही तर कार्यही नाही. त्यावर माझे उत्तर अर्धेच आहे. क्षारांचे प्रमाण बदलले की पकड ढिली होते, आणि ओल-वाळ होणाऱ्या डबक्यात ते प्रमाण बदलतच राहते. शिवाय 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॉन्टमोरिलोनाइटला बांधलेला हेअरपिन रायबोझाइम, म्हणजे उत्प्रेरकाचे काम करणारा आरएनए, अतिनील किरणांच्या माऱ्यानंतर मोकळ्या रेणूपेक्षा जास्त बचावलेला आढळला. चिकटून राहण्याला किंमत आहे तशी कमाईही आहे. दोन्हींचा हिशेब प्रत्येक रेणूसाठी वेगळा निघेल.

केर्न्स-स्मिथ यांच्याबाबतचा आरोप मात्र मला मान्य नाही. स्फटिकातील दोष पिढ्यान्‌पिढ्या नकलले जातात आणि तोच पहिला वारसा, हे त्यांचे 1966 पासूनचे प्रतिपादन. मी म्हणतो ती माती कसलीही माहिती साठवत नाही. त्यांच्या कल्पनेची एक कसोटी बार्ट कार यांच्या गटाने 2007 साली पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच्या स्फटिकांवर घेतली, तेव्हा नव्या स्फटिकांत इतके नवे दोष शिरले की जुना वारसा विश्वासार्हपणे पुढे जाईना. कल्पना देखणी होती, याविषयी वाद नाही.

शुद्ध केलेल्या मातीबद्दल आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. फेरिस यांची माती वायोमिंगची बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट असलेली चिकणमाती, होती; ती आम्लाने धुऊन तिच्यातील आयनांच्या जागी सोडियम बसवलेले होते, आणि सगळेच मॉन्टमोरिलोनाइट सारखे काम करत नाहीत. 2022 साली बियोंडी, बेनर आणि सहकाऱ्यांनी बेसॉल्टी काचेवर, इमिडॅझोलऐवजी ट्रायफॉस्फेट वापरून, शंभराहून अधिक घटकांच्या आरएनए साखळ्या मिळवल्या. पृष्ठभाग बदलला तरी अभिक्रिया चालते, हे माझ्या बाजूने; पण सक्रिय घटक आले कोठून, हा प्रश्न तेथेही होता तेथेच राहतो, हे आपल्या बाजूने. माझ्या मते या विषयातली खरी खिंड हीच आहे, आणि ती खनिजांनी आजवर सर केलेली नाही.

राहिले काळे रान. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी ती माती मॉन्टमोरिलोनाइटच्याच गटातील खनिजांमुळे तशी वागते, त्यामुळे आपला दाखला चपखल आहे. पण ती ज्या बेसॉल्टाच्या झिजेतून आली तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि जीवनाच्या खुणा 350 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. आज त्या मातीत एखादी साखळी जुळलीच, तरी आधीपासून तेथे नांदणारे जीवाणू तिचा फडशा पाडतील. हीच गोष्ट डार्विन यांनी 1871 साली वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात, कोमट पाण्याच्या लहानशा डबक्याबद्दल, नोंदवून ठेवली आहे.