आठ नंबरची तार

मुंबईत नव्याने राहायला आलात ना? मग पाणी किती वाजता येतं आणि पार्किंग मिळतं का, ही चौकशी नंतर करा. आधी सोसायटीच्या ग्रुपवर नाव घालून घ्या. आमच्या गिरगावातल्या चाळीचा बावीस मजली टॉवर झाला तेव्हा विजेचे मीटर बसायच्या आधी ग्रुप तयार होता. आज आमचे तीन ग्रुप आहेत. 'ऑफिशियल', 'ऑफिशियल नवीन' आणि 'फक्त सूचना'. तिसऱ्यात सेक्रेटरी सोडून कुणालाच लिहिता येत नाही, त्यामुळे तिथे एकोपा वाखाणण्यासारखा आहे.

या विषयातला माझा अधिकार विचाराल तर, मी एकूण अकरा ग्रुपांत आहे, त्यातले चार नातेवाइकांचे, आणि गेल्या पाच वर्षांत माझं कुणाशी वाजलेलं नाही. कारण साधं आहे. त्यात माझं स्वतःचं एकही वाक्य नाही. तुम्हीही हेच करा. स्वतःचं वाक्य म्हणजे पावसाळ्यातली पाणीपुरी, पचली तर पचली. कुणीतरी विचारतं, 'म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?' दुसऱ्याला वाटतं, हा टोमणा आपल्यालाच. तयार वाक्याचं तसं नसतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचून आजवर कुणी 'नक्की कुठला भाव?' असं विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

हे मोबाइलमुळे झालं, असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. माझे मामा फ्लोरा फाउंटनजवळच्या तार ऑफिसात होते. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून खात्याने शुभेच्छांची वाक्यंच तयार करून त्यांना नंबर देऊन टाकले होते. १ नंबर म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. ८ नंबर म्हणजे वैवाहिक आयुष्य दीर्घ आणि सुखाचं होवो. फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा, पलीकडे अख्खं वाक्य हातात पडायचं. माझ्या आईवडिलांच्या लग्नातल्या तारा आमच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अजून आहेत. सतरा तारा, त्यातल्या पंधरांत शब्दन् शब्द तोच. नागपूरच्या काकांनी आणि बेळगावच्या आत्याने एकमेकांचं तोंड बघणं सोडलं होतं, पण तारेत दोघांचं एकमत.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा लोक शेवटची तार करायला रांगेत उभे राहिले, गहिवरले वगैरे. गहिवरण्यासारखं काही नव्हतं. खातं बंद झालं, पद्धत चालू राहिली. उलट आता आकडासुद्धा लिहावा लागत नाही. 'भा' लिहिलं की कीबोर्ड स्वतःहून 'भावपूर्ण' पुढे करतो, त्यावर बोट टेकवलं की 'श्रद्धांजली' तयार. मध्यंतरी बायकोला 'भाजी काय आणू' असं विचारायचं होतं, लोकलमध्ये एका हाताने दांडी धरली होती. पुढचं सांगत नाही. तिचं उत्तर स्वतःच्या शब्दांत आलं.

सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी सुप्रभात पाठवा. गुलाब, वाफाळता चहा आणि उगवता सूर्य. हा सूर्य कुठल्या देशातला असतो कोण जाणे, आमच्याकडे समोरच्या टॉवरमुळे तो साडेदहाला उगवतो. खाली सुविचार हवा आणि सुविचाराखाली थोर माणसाचं नाव. ती व्यक्ती हयात नसलेली बरी, म्हणजे 'हे मी कधी म्हणालो?' असं विचारायला कुणी येत नाही. आपल्या देशातल्या या सुप्रभातांनी फोन इतके तुंबले की गूगलने २०१७ च्या डिसेंबरात 'फाइल्स गो' नावाचं ॲप काढलं, त्यात हे गुलाब ओळखून पुसण्याची सोय केली. एका बाजूने गुलाब पाठवायला यंत्र, दुसऱ्या बाजूने ते पुसायलाही यंत्र. मध्ये दोन माणसं आहेत, त्यांना काहीच त्रास नाही. यापेक्षा सुधारलेला संवाद मला तरी माहीत नाही.

आता बातमी कशी द्यावी ते सांगतो. 'मी ऐकलंय' म्हणू नका, त्यात तुमचा कान अडकतो. 'खात्रीलायक' म्हणा. शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' हवंच. खरं तर या विद्येला फोनचीही फारशी गरज नाही, मुंबईकराने ते केव्हाच सिद्ध केलंय. १८ ऑगस्ट २००६ ला माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं. व्हॉट्सॲपचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तरी हां हां म्हणता किनाऱ्यावर जत्रा भरली. लोक बाटल्या भरून घेत होते, ओंजळीने पीत होते, पोरांना पाजत होते. पालिका पिऊ नका म्हणून ओरडत होती. त्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते, पावसाळ्यात तिचं पाणी लोटलं की खारटपणा कमी होतो, असं जाणकारांनी सांगून पाहिलं. पण 'मिठी' हे नाव ऐकल्यावर पुढचं ऐकतंय कोण? मिठीतून काय काय वाहतं हे वांद्रे आणि माहीमच्या मध्ये लोकल आली की डोळे मिटूनसुद्धा कळतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मूर्ती पुन्हा दूध प्यायल्या. पुन्हा म्हणजे २१ सप्टेंबर १९९५ नंतर, तेव्हा गणपती प्यायला होता. मी स्वतः चमचा घेऊन रांगेत होतो. माझ्या चमच्यातलं दूध संपलं का, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मागचा माणूस ढकलत होता. घरी येऊन मात्र मी 'प्यायला' असंच सांगितलं.

इथे एक गोष्ट थट्टेत बसत नाही, ती तशीच लिहितो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा मेसेजांवर विश्वास ठेवून गावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. देशभर असे प्रकार होत होते. त्याच महिन्यात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा कंपनीने भारतापुरती घातली. आमच्या ग्रुपवर तेव्हा त्या मर्यादेविरुद्ध नाराजी होती. तिच्यातून वाट कशी काढायची याचा मेसेज मला सहा जणांकडून आला.

गोष्ट सांगायची हौस असेल तर आधी रीळ बघा. लहानपणी आजी मला झावबा राम मंदिरात कीर्तनाला न्यायची. बुवा आधी नमन करायचे, मग एक अभंग घेऊन त्याचं निरूपण, तो पूर्वरंग. मग थांबायचे. त्यांच्या कपाळी बुक्का लावायचा, गळ्यात हार घालायचा, लोक पाय मोकळे करायचे, आणि तेव्हा कुठे उत्तररंगात आख्यान सुरू व्हायचं. आज बुवांनी नमनाला तोंड उघडेपर्यंत श्रोता अंगठ्याने चार बुवा वर सरकवून मोकळा होईल. तेव्हा तुम्ही शेवटापासून सुरुवात करा. 'सुदाम्याच्या पोह्यांत असं काय होतं? शेवटपर्यंत बघा!' आणि शेवट दाखवू नका, तो दुसऱ्या भागात. ३ मे १९१३ ला आमच्याच गिरगावात, कोरोनेशनमध्ये, फाळक्यांचा हरिश्चंद्र लागला. चित्र मुकं, मध्येमध्ये पाट्या, तरी लोकांना सगळं उमगलं. आता आवाज आहे, खाली धावती अक्षरं आहेत, आणि कुठे बघायचं ते कळावं म्हणून लाल वर्तुळ आणि त्याकडे रोखलेला बाण आहे. फाळक्यांना बाण सुचला नाही, एवढीच त्यांच्यात कमी.

निरोपाचंही असंच. चाळीत फोन एकच, पहिल्या मजल्यावरच्या साठ्यांकडे. बाबांच्या व्हिजिटिंग कार्डावर त्यांचा नंबर होता, पुढे कंसात 'पी. पी.' लिहिलेला. मामाचा फोन आला की साठेकाकू तीन जिने चढून यायच्या आणि दारातच सांगायच्या, 'तुझ्या भावाचा फोन होता गं, रविवारी येतोय म्हणाला. पण आवाज बरा नव्हता हो त्याचा.' हे 'पण' मामाने सांगितलेलं नसायचं. ती काकूंची पदरची भर, विनाकारण. त्यावरून आई चप्पल घालून माहेरी निघायची, आमच्या जेवणाचा खोळंबा व्हायचा. आता मेसेज मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही, अशी कंपनीची हमी आहे. साठेकाकूंचा प्रश्न कायमचा सुटला.

लिहायचा कंटाळा असणाऱ्यांनी बोलकी चिठ्ठी पाठवावी, म्हणजे व्हॉइस नोट. पाठवावी म्हणतोय. ऐकू नये. अगदीच वेळ आली तर २०२१ पासून दुप्पट वेगाची सोय आहे, ती वापरावी. दुप्पट वेगात सगळी माणसं दादरच्या फूलबाजारात पहाटे लिलाव पुकारल्यासारखी बोलतात. प्रेम, तक्रार, आजार, सगळ्यांचा भाव एकच.

ही सोय मला आवडायचं कारण तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा. आप्पांनी एका छापखान्यात तीसेक वर्षं खिळे जुळवले. लाकडी केसच्या घरांतून एकेक अक्षर, काना, रफार चिमटीत उचलायचा, पट्टीत लावायचा, आणि मजकूर उलटा वाचून तपासायचा. बोलतातही तसेच. शब्द उचलतात, न्याहाळतात, मग ठेवतात. मध्ये इतकी जागा सुटते की समोरच्याला वाटतं, रेंज गेली. टाइप करत नाहीत. 'काचेवर बोट घासून अक्षर उमटतं हे मला पटत नाही रे,' म्हणतात. म्हणून व्हॉइस नोटा, चार चार मिनिटांच्या. त्यांना उत्तर म्हणून अंगठा पुरतो.

एका रविवारी अकराच्या सुमारास आप्पांची नोट आली, ४ मिनिटं १२ सेकंद. चौतीस अंगठे पडले. कुणी लिहिलं, 'खूप सुंदर आठवण आप्पा'. बाराव्या मजल्यावरून 'अभिनंदन' आलं. सेक्रेटरींनी 'वैयक्तिक पोस्ट टाकू नयेत' ही कायमची सूचना चिकटवली. मी जोडलेले हात टाकले, ते कुठेही चालतात. थोड्या वेळाने खालून ठोकाठोक सुरू झाली. मी बरोबर वरच्या मजल्यावर. रविवारी काम काढलंय म्हणून चिडलो, 'फक्त सूचना'मधली 'रविवारी तोडफोडीस सक्त मनाई' ही जुनी नोटीस शोधली आणि 'ऑफिशियल'वर पुढे ढकलली. तिला बावीस अंगठे मिळाले, हा माझा उच्चांक आहे.

दीड वाजता इस्त्रीवाला आप्पांचे कपडे द्यायला आला. तो ग्रुपवर नाही. त्याने दाराला कान लावला आणि वॉचमनला हाक मारली.

ती नोट मी संध्याकाळी ऐकली, साध्या वेगात. सुरुवात लोहार चाळीपासून होती. चाळीतल्या दाराला लॅच कुठून आणलं, दुकानदाराने पाच रुपये कसे कमी केले, आप्पांच्या मिसेसना ते कसं पसंत नव्हतं, टॉवरमध्ये येताना जुनं म्हणून तेच काढून कसं आणलं. मग एक लांब जागा सुटली. ३ मिनिटं ४० सेकंदांवर आप्पा म्हणतात, 'तर ते लॅच... आता आतून अडकलंय. सूनबाई पुण्याला गेल्यात. गोळी बाहेरच्या... नाही, गोळी आहे माझ्याकडे. पण कुणी जरा... येता का?'

मी खाली गेलो. आप्पांनी चहा टाकला. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

'आप्पा, लॅच अडकलं हे पहिल्याच वाक्यात सांगायचं ना.'

'मग गोष्ट कुठे राहिली?' त्यांनी बशीत चहा ओतला. 'तारेत असं असायचं खरं. आधी मुद्दा. शुभेच्छांना तर नुसते आकडे होते, आठवतं का तुला?'

मी मामांबद्दल सांगितलं, पत्र्याच्या डब्याबद्दलही. आप्पा हसले. त्यांच्या लग्नातही म्हणे सगळ्या आठ नंबरच्याच आल्या होत्या, आणि मिसेसनी त्या एकेक करून सगळ्या वाचल्या होत्या.

मागच्या आठवड्यात सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न झालं. ग्रुपवर फोटो आला आणि पुष्पगुच्छांचा खच पडला. साठाव्या की एकसष्टाव्या गुच्छानंतर आप्पांचं नाव वर आलं. व्हॉइस नोट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा काचेवर बोट घासून त्यांनी एक अक्षर उमटवलं होतं.

'८'

सेक्रेटरींनी लगेच विचारलं, 'आप्पा, आठव्या मजल्यावर काय झालं?' कुणीतरी म्हणालं, लिफ्ट अडकली असणार. आठव्या मजल्यावरच्यांनी आमच्याकडे सगळं ठीक आहे असं कळवलं. तोवर त्या आठाखाली अंगठे पडायला सुरुवात झाली होती.

मीही एक टाकला.