‘बोटीच्या ट्रेलरला ब्रेक लावणं म्हणजे पैशाची नासाडी’: या फॉरवर्डला उत्तर

माझ्या भाच्याने जुनी फायबरची बोट घेतली. तिच्यासोबत आलेल्या ट्रेलरला ब्रेक नव्हते, ते बसवून घ्यायचं ठरलं होतं. मग त्याला कुठल्याशा ग्रुपवर एक मेसेज मिळाला. तो मला पाठवून त्याने खाली लिहिलं, “मामा, ब्रेक रद्द. हे वाचा.”

वाचलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक पुरेसे असतात. फायबरची बोट हलकीच असते. ब्रेकवाला ट्रेलर वळणावर गाडी फिरवतो, बिनब्रेकचा गुमान मागे येतो. ब्रेक पाण्यात सडतात. रिव्हर्स घेताना जाम होतात. सेफ्टी चेन लावली की काम झालं. कायद्यात सक्ती नाही. आणि तरीही हौस असेल तर इलेक्ट्रिक ब्रेक घ्या किंवा जुन्या गाडीचे ड्रम ॲक्सलला वेल्ड करून घ्या. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

लोकांनी केलाय शेअर, म्हणून हे लिहायची वेळ आली.

“ब्रेकवाला ट्रेलर वळणावर गाडी फिरवतो, बिनब्रेकचा गुमान मागे येतो.”

सगळ्यात आधी हा मुद्दा घेतो, कारण यानेच कुणाचा तरी जीव जाईल. हे लिहिणाऱ्याने भरलेला बिनब्रेकचा ट्रेलर उतारावरून कधी आणलेला नसावा.

तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा गाडी थांबायला लागते, पण ट्रेलरला थांबायचं कुणी सांगितलेलंच नसतं. तो आपल्या वेगात येत राहतो आणि सगळा रेटा हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकवतात त्यावर, देतो. बॉल गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. रस्ता सरळ असेल तर हा रेटा सरळ पुढे जातो, थांबायला उशीर होतो, एवढ्यावर भागतं. वळणावर मात्र गाडी आणि ट्रेलर एका रेषेत नसतात. मग तोच रेटा तिरका लागतो आणि गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलतो. त्यात ब्रेक दाबल्यामुळे गाडीचं वजन पुढच्या चाकांवर गेलेलं असतं, मागचे टायर हलके झालेले असतात. म्हणजे पकड कमी व्हायची आणि बाजूचा धक्का बसायचा वेळ एकच. गाडी आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मिटतात ते असे.

आकड्यांत बघा. गाडी १८०० किलो, बोटीसकट ट्रेलर १५०० किलो, वेग ताशी ८० किलोमीटर. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर आणि चांगले ब्रेक असलेली एकटी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण साडेएकतीस मीटरमध्ये थांबते असं धरू. तीच गाडी, तेच ब्रेक, पण आता थांबवायचे आहेत ३३०० किलो. अंतर जातं ५८ मीटरच्या आसपास. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर एकट्या गाडीच्या ६३ मीटरचे ट्रेलरसकट ११५ होतात. हिचवर ट्रेलरचं थोडं वजन येतं, त्याने गाडीच्या टायरना जरा जास्त पकड मिळते, पण फरक मोजक्या मीटरचा. ड्रायव्हरला ब्रेकपर्यंत पाय न्यायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. कोरड्या रस्त्यावरच्या त्या थांबण्यात बॉलवर येणारा रेटा जवळजवळ ६४०० न्यूटनचा, म्हणजे साडेसहाशे किलो वजनाएवढा आहे. गुमान मागे येतो म्हणे!

आता यातलं अर्धं सत्य, नाइलाजाने. ट्रेलरची चाकं ब्रेकने लॉक झाली तर ट्रेलर आडवा झुलू शकतो. एका बाजूचा ब्रेक धरतोय आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तरी तो एकीकडे ओढतो. पण हा बिघडलेल्या ॲडजस्टमेंटचा दोष आहे. नीट लावलेले ब्रेक ट्रेलरला मागून धरून ठेवतात, त्यामुळे बॉलवरचा रेटा खूप कमी होतो आणि जोडी सरळ राहते.

“गाडीचे ब्रेक पुरेसे असतात.”

ब्रेक फक्त चाक अडवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर. आजच्या कुठल्याही धड गाडीचे ब्रेक तिच्या चाकांना लॉकपर्यंत नेऊ शकतात, म्हणून तर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस लागतं. तेव्हा ‘माझ्या गाडीचे ब्रेक दमदार आहेत’ याला इथे काही अर्थ नाही, पकडीची मर्यादा आधीच गाठलेली असते. ट्रेलरचे टायरही रस्त्याला टेकलेले आहेत, त्यांच्यावर टनभर वजन आहे, आणि त्यांची पकड तुम्ही फुकट घालवताय.

लांब घाटात आणखी एक भानगड होते. तीनशे मीटर उंचीचा उतार उतरताना ३३०० किलोची जेवढी ऊर्जा मुरवायची ती एकट्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. इंजिन, हवा आणि टायर जेवढी खातील तेवढी खातील, उरलेली गाडीच्याच चार ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते हवेतली ओल पिऊन बसलेलं असतं. डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश, ओल धरल्यावर किमान १४०. ते उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं.

“फायबरची बोट हलकीच असते.”

ब्रोशरमधलं वजन बहुधा रिकाम्या बोटीचं असतं. त्यात इंजिन, बॅटरी, नांगर, दोर, सामान मिळवा. दीडशे लिटर पेट्रोल म्हणजे शंभर किलोच्या वर. मग ट्रेलरचं स्वतःचं वजन. अंदाज बांधू नका, सगळं भरून वजनकाट्यावर चढवा. पुढे.

“कायद्यात सक्ती नाही” आणि “सेफ्टी चेन असली की पुरे.”

दोन्हींना एकच उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक १३ हा ट्रेलर आणि अवजड वाहनांच्या ब्रेकचा मूळ दस्तऐवज आहे, आणि जगातले कितीतरी देश तो मानतात. त्यात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. मेसेजवाल्याने बहुधा एवढंच वाचलं. ७५० ते ३५०० किलोच्या गटाला ब्रेक लागतातच, आणि तिथे ट्रेलरच्या रेट्यावर लागणारे ब्रेक (सर्ज, त्यांच्याबद्दल खाली) चालतात. ३५०० च्या वर असे रेट्यावरचे ब्रेक चालत नाहीत. हे किलो ट्रेलरच्या कमाल भरलेल्या वजनाचे, रिकाम्याचे नव्हेत. ऑस्ट्रेलियातही ७५० किलोच्या वर ब्रेक लागतात आणि दोन टनांच्या वर सगळ्या चाकांना. अमेरिकेत प्रत्येक राज्याची मर्यादा वेगळी, बऱ्याच ठिकाणी ३००० पौंडांच्या आसपास. सक्ती कुठेच नाही हे धादांत खोटं आहे.

चेनचंही त्याच नियमात आहे. हिच सुटली तर ट्रेलर आपोआप थांबला पाहिजे. यातून सूट फक्त दीड टनापर्यंतच्या ट्रेलरला, तीही चेन किंवा वायररोप दांडा जमिनीला टेकू देणार नाही अशी असेल तर. म्हणजे हलक्या ट्रेलरला नुसती चेन चालते, हे मान्य. पण हिचमधून सुटलेल्या ट्रेलरला चेन गाडीशी बांधून ठेवते, थांबवत नाही. ट्रेलर दीड टनाहून जड असेल तर ब्रेकअवे केबल हवी, म्हणजे ट्रेलर सुटताच त्याचा ब्रेक ओढणारी तार. आणि जो ब्रेक ती केबल ओढणार, तो आधी ट्रेलरला असावा लागतो.

“ब्रेक पाण्यात सडतात.”

हो, सडतात. मेसेजमधला हा एकच मुद्दा अनुभवातून आलेला वाटतो. साधा ड्रम ब्रेक खाऱ्या पाण्यात बुडवून आणला की पाणी आणि गाळ आतच राहतो, स्प्रिंग गंजतात, शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) चिकटून बसतात. प्रवासाने तापलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तसाच थंड पाण्यात घातला तर आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी बेअरिंगपर्यंत ओढलं जातं. पण मेसेजवाल्याच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की बेअरिंग बिनब्रेकच्या ट्रेलरचीही अशीच जातात. म्हणून कुणी चाकं काढून टाकत नाही.

यावर उपाय म्हणजे ब्रेकची निवड. खाऱ्या पाण्यात वारंवार जाणाऱ्या ट्रेलरला डिस्क ब्रेक घ्या, गंजरोधक लेप दिलेले किंवा स्टेनलेस. डिस्क उघडी असते, पाणी निथळून जातं, पाइप मारला की धुतली जाते, आणि पॅड किती उरलेत ते बाहेरून दिसतं. गोड्या पाण्यात गॅल्व्हनाइज्ड ड्रमही चालतील, धुवायची सोय असलेले. ब्रेकची नळी साध्या लोखंडाची नको, तांबं-निकेलच्या मिश्रधातूची किंवा स्टेनलेसची घ्या. रॅम्पवर पोहोचल्यावर आधी हब निवू द्या, मग पाण्यात घाला. परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

“रिव्हर्सला जाम होतात.”

हेही निम्मं खरं. सर्ज ब्रेक, ज्यांना ओव्हररनही म्हणतात, ते कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर बसणारं टोक) दाबला गेला की लागतात. ट्रेलर गाडीवर रेटला की कपलरमधला दांडा मागे सरकतो, आतला मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल दाबतो आणि चाकं धरतात. चढावर रिव्हर्स घेताना गाडी ट्रेलरला ढकलते, कपलर तसाच दाबला जातो आणि बिचाऱ्या ब्रेकला फरक कळत नाही. यावर तोडगे कधीचे निघालेत. ड्रममध्ये मागे फिरताना आपोआप सुटणारे शू मिळतात. डिस्कसाठी रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसतो, तो मागे जाताना ऑइलची वाट बंद करतो.

सर्जची खरी उणीव मेसेजवाल्याला माहीतच नाही. ट्रेलर झुलायला लागला तर नुसत्या ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून त्याला सरळ करता येत नाही, कारण गाडी मंदावल्याशिवाय सर्ज ब्रेक लागतच नाहीत.

“हौस असेल तर इलेक्ट्रिक घ्या.”

कॅराव्हॅनसाठी उत्तम. बोटीच्या ट्रेलरवर चुंबक, वायर आणि जोड थेट ड्रममध्ये, म्हणजे थेट पाण्यात. खाऱ्या पाण्यात ते फार टिकत नाहीत. गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक हाताळायचे असतील तर इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक घ्या. त्यात पंप ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, पाण्याच्या वर राहतो आणि चाकांपर्यंत फक्त ऑइलचा दाब जातो. महाग पडतं, पण जड बोटीला तेच बरं.

“जुन्या गाडीचे ड्रम वेल्ड करून घ्या.”

नको. आधी ॲक्सलला ब्रेक बसवायची फ्लँज (बोल्टची भोकं असलेली चकती) आहे का ते बघा. असेल तर त्याच मापाचा, त्याच वजनक्षमतेचा किट बोल्टने बसतो. नसेल आणि ॲक्सल टॉर्शनचा असेल, म्हणजे नळीच्या आत रबर भरलेला, तर वेल्डिंगच्या उष्णतेने ते रबर जातं आणि सस्पेन्शन संपतं. अशा वेळी फ्लँजसकट नवा ॲक्सल घेणं शहाणपणाचं.

कपलर घेताना तो ड्रमसाठी आहे की डिस्कसाठी, हे विचारून घ्या. ड्रमच्या कपलरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो न काढता डिस्क जोडल्या तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि घरी पोहोचेपर्यंत जळालेला वास येतो. ब्रेकच्या नळीतली हवा (एअर) काढताना कपलरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मग मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर चालवून, काही वेळा ब्रेक लावून थांबा आणि प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघा, लगेच टेकवू नका. सगळे सारखे कोमट असतील तर ठीक. एक चटका देतोय आणि दुसऱ्या बाजूचा गार आहे, तर एक सुटत नाहीये किंवा दुसरा लागतच नाहीये. ते दुरुस्त होईपर्यंत बोट त्यावर चढवू नका.