सोयाबीन विकावे, डीपी जळू द्यावी

हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ झाली आणि तरीही शिवारातली डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळाली नाही, तर वाचकांनी घाबरून जाऊ नये. भार वाढायला चार दिवस इकडेतिकडे लागतातच. मराठवाड्याच्या पंचांगात डीपी जळण्याची तिथी छापत नाहीत, तरी ती चुकत नाही. दसरा-दिवाळी आटोपली, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, की ती येते आणि इतर सणांप्रमाणे तिच्यासाठीही वर्गणी निघते. हा मुहूर्त पुढेही टळू नये, यासाठी डीपीच्या पोटातल्या खनिज तेलाच्या जागी सोयाबीनचे तेलही भरता येते, याकडे कुणाचे लक्ष जाऊ न देणे आवश्यक असून प्रस्तुत सूचना त्याच हेतूने केल्या आहेत.

प्रथम आपापल्या डीपीचे नीट दर्शन घ्यावे. आमची 100 केव्हीएची आहे. तिच्या पेटीचे दार दोन उन्हाळ्यांपूर्वी गेले आणि सध्या ते एका खुराड्याला शोभून दिसते. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूज बसवण्याच्या खाचेत, बारीक तार घालण्याची प्रथा बंद पडून बरीच वर्षे झाली. आता तिथे ॲल्युमिनियमच्या तारेचे तीन पेड पिळून बसवलेले आहेत, त्यामुळे फ्यूज कधीच जात नाही, जाते ती थेट डीपी. आत जाणाऱ्या हवेतला ओलावा टिपणाऱ्या ब्रीदरमधले सिलिका जेल एके काळी निळे होते, पुढे गुलाबी झाले, आणि बरणी फुटल्यावर ते पोरांच्या खिशात गेले. तारा टाकीत शिरतात तिथल्या बुशिंगच्या गॅस्केटमधून झिरपणारे तेल टाकीवरून ओघळत खाली येते आणि त्याने जमिनीवर घोंगडीएवढा काळा डाग पाडला आहे, ज्यावर हराळीसुद्धा उगवत नाही. जागा उंच, कोरडी आणि तणविरहित असल्याने शेजाऱ्याने काढलेल्या सोयाबीनची बनीम, म्हणजे गंजी, नेमकी तिथेच, डाग चुकवून दीड हातावर लावली आहे. इतकी तयारी झाल्यावर आपल्याकडून एकच खबरदारी अपेक्षित आहे: आत खनिज तेलच राहिले पाहिजे.

याचे कारण समजून घ्यावे. रोहित्रातल्या तेलाला दोन कामे असतात; कॉइलच्या वेढ्यांमध्ये ठिणगी उडू न देणे आणि कॉइलची उष्णता टाकीच्या पत्र्यापर्यंत वाहून नेणे. पेट्रोलियमपासून निघणारे खनिज तेल ही दोन्ही कामे शंभराहून अधिक वर्षे चोख करत आले आहे आणि ते त्याच्या विरोधकांनाही मान्य आहे. त्याचा खरा गुण तिसराच आहे. त्याचा ज्वलनबिंदू साधारणपणे 160 ते 170 अंश सेल्सिअसच्या घरात असतो, म्हणजे भजे सोडण्यासाठी कढईतले तेल जितके तापवावे लागते, जवळपास तितके तापले आणि ठिणगी मिळाली, की हे तेल पेटते आणि पेटत राहते. आत शॉर्ट झाला की ठिणगीच्या जागी तेलाचे हायड्रोजन आणि ॲसिटिलीनसारख्या वायूंत विघटन होते, टाकी फुगते, शिवण उसवते, तेलाचा फवारा बाहेर येतो, आणि बनीम तर आधीच दीड हातावर उभी असते.

याउलट सोयाबीनसारख्या वनस्पती तेलापासून केलेला जो द्रव अलीकडे सुचवला जातो आणि ज्याला तंत्रज्ञ नैसर्गिक एस्टर म्हणतात, तो 350 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय पेटत राहत नाही. 300 अंशांच्या वर ज्वलनबिंदू असलेल्या द्रवांना आंतरराष्ट्रीय मानकांत ‘के’ वर्ग दिला जातो, आणि हा त्यात सहज बसतो. सांडलाच, तर मातीतले जिवाणू तो काही आठवड्यांत खाऊन टाकतात. म्हणजे बनीम पेटायची नाही, डाग राहायचा नाही, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसापुढे बोट दाखवायला काहीच उरायचे नाही. नुकसानभरपाईच्या अर्जात मग लिहायचे काय?

या द्रवाचे समर्थक पुढे कागदाचा विषय काढतात, त्यापासून विशेष सावध राहावे. डीपीच्या आत एक दुसरी डीपी असते. कॉइलभोवती गुंडाळलेल्या क्राफ्ट कागदाचे आयुष्य तंत्रज्ञ त्यातल्या सेल्युलोजच्या साखळीच्या लांबीवरून मोजतात, त्या मापाला ‘डिग्री ऑफ पॉलिमरायझेशन’ म्हणतात, आणि त्याचेही लघुरूप योगायोगाने डीपीच आहे. नव्या कागदात हा आकडा 1,000 च्या आसपास असतो आणि 200 वर आला की कागद हातात चुरगळतो. तेल बदलता येते, पण हा कागद बदलायचा तर सगळी कॉइलच उकलावी लागते. ही साखळी तोडणारा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. साधारण तापमानाला खनिज तेल दशलक्ष भागांत जेमतेम 50-60 भाग पाणी विरघळवून घेते, तर नैसर्गिक एस्टर सुमारे 1,000 भाग घेतो. त्यामुळे तो कागदातले पाणी स्वतःच्या अंगावर ओढतो आणि कागद कोरडा राहून जास्त वर्षे टिकतो.

इथे वाचकाला कदाचित 2024 च्या हंगामाची आठवण होईल. खरेदी केंद्रावर मीटरची नळी पोत्यात खुपसून 12 टक्क्यांहून अधिक ओलावा दिसला की सोयाबीन परत पाठवले जात होते, आणि 2024 च्या नोव्हेंबरात ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल होईपर्यंत अनेकांनी 4,892 रुपयांचा हमीभाव लांबूनच पाहून माल मोंढ्यावर, म्हणजे बाजारात, कमी दराने घातला होता. ज्या सोयाबीनला ओलावा आहे म्हणून नाकारले, त्याच सोयाबीनच्या तेलाला ओलावा सोसतो म्हणून नावाजावे, यात काही विसंगती आहे असे कुणी म्हटले, तर त्याला चहा पाजून विषय बदलावा.

आता आक्षेपांची तयारी करावी. पहिला आक्षेप इतिहासाचा घ्यावा, कारण तो कुणाला तपासता येत नाही. 1930 च्या दशकापासून जगभर रोहित्रांत पीसीबी नावाचे द्रव भरले गेले, ते पेटत नाहीत म्हणून त्यांचे कोडकौतुक झाले, आणि नंतर कळले की ते विषारी आहेत आणि मातीत, माशांत, माणसांच्या चरबीत वर्षानुवर्षे तसेच साठून राहतात. अमेरिकेने 1979 मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली आणि 2001 च्या स्टॉकहोम करारात जगाने त्यांना काळ्या यादीत टाकले. यावरून असा निष्कर्ष काढावा की न पेटणारे ते सर्व घातक असते. पीसीबी कुजत नव्हते आणि हे तेल कुजते, हा बारीक फरक सभेत कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप थंडीचा घ्यावा. हे तेल उणे 15 ते 20 अंशांच्या सुमारास घट्ट होऊ लागते, हे अगदी खरे आहे. परभणीत पारा 5 अंशांवर उतरला तरी वर्तमानपत्रे ती बातमी पहिल्या पानावर घेतात, पण भविष्यात काय होईल ते कुणी सांगावे?

तिसरा आक्षेप किमतीचा आहे आणि तो एकटाच पुरेसा आहे. नवे तेल खनिज तेलापेक्षा बरेच महाग पडते. निविदेत लिटरचा दर लिहायला रकाना असतो; डीपी किती वर्षे टिकली, किती वेळा जळाली, किती बनमी राख झाल्या आणि ओंबीत आलेला गहू किती एकर वाळला, यांसाठी रकाना नसतो. जे रकान्यात नाही ते खर्चात धरू नये. या तेलासाठी भारतीय मानक नाही, अशी सबब पूर्वी चालत असे. 2017 च्या आयएस 16659 ने तीही हिरावून घेतली, म्हणून रकान्याला अधिकच घट्ट धरून राहावे.

आमच्या पारावर हा विषय निघाला तेव्हा मी फार उत्साहाने कागद, ओलावा, के वर्ग असे सगळे सांगून टाकले. शेजारचे आबा विडी विझू न देता शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, “साहेब, समदं खरंय. पर सोयाबीनच्या तेलाची डीपी शिवारात बसली, तर रात्रीतून लोकं त्याचे भजे तळून खातेत. ह्या काळ्या तेलाला कुत्रं बी तोंड लावत नाही, म्हणून निदान निम्मं तरी ऱ्हातंय.” त्या तेलात टिकाऊपणासाठी रसायने मिसळलेली असतात, काही उत्पादनांत ओळखीसाठी हिरवा रंगही असतो, आणि ते खाण्याचे नाही, असे मी समजावले. त्यावर आबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशा नजरेने टंचाईच्या गावात पाण्याचा रंग विचारणाऱ्याकडे कुणी पाहावे.

एवढे करूनही एखादा हट्टी अभियंता नवे तेल घेऊन गावात आलाच, तर निराश होऊ नये. त्याला बदनाम करण्याचा मार्ग अत्यंत सोपा आहे. वनस्पती तेलाला हवेतल्या प्राणवायूचे वावडे असते. उघड्यावर ते हळूहळू दाट होते, जसे जुन्या देवघरातल्या समईच्या तळाशी चिकट तेल जमते. म्हणून हे तेल बंदिस्त टाकीत, हवा आत-बाहेर होणार नाही अशा रोहित्रात भरायचे असते. आपण ते आपल्या जुन्याच टाकीत भरून घ्यावे, फुटक्या ब्रीदरला चिंधी बांधावी, आणि ते खनिज तेलापेक्षा तीन-चार पट दाट असल्याने गार राखण्याची व्यवस्था वेगळी आखावी लागते, ही गोष्ट कुणाला आठवू देऊ नये. मग किटकॅटमधले तीन पेड कायम ठेवून मंजूर भाराच्या दुप्पट मोटारी आणि शिवाय तारेवर टाकलेले चोरीचे आकडे चालू द्यावेत. कॉइल जळेल. कोणतेही तेल ओव्हरलोडवर औषध नाही. नव्या तेलाचे म्हणणे एवढेच असते की कॉइल जळाली तरी आगीचा डोंब उसळू नये आणि कागदाने लवकर मान टाकू नये. परंतु जळालेली डीपी दाखवून “हेच का तुमचे सोयाबीन?” असे विचारले, की पुढची दहा वर्षे तालुक्यात या तेलाचे नाव कुणी काढणार नाही.

हिशेबाची आवड असणाऱ्यांनी मात्र एक गणित कधीच करू नये. एक क्विंटल सोयाबीनमधून ढोबळमानाने 18 किलो तेल निघते. डीपीत 150 लिटर तेल बसते असे धरले, तर त्याचे वजन सुमारे 138 किलो भरते, आणि त्यासाठी पावणेआठ क्विंटल सोयाबीन लागते. म्हणजे पाऊस वेळेवर पडलेल्या वर्षी आपल्याकडच्या एखाद्या एकरात जेवढे पिकते तेवढे, आणि गाळून उरलेली पेंड वेगळी. डीपीखालच्या एकराने डीपीचे पोट भरावे आणि डीपीने त्या एकराला पाणी द्यावे, असल्या कल्पना माणसाला बिघडवतात. देश खाद्यतेल आयात करतो आणि तुम्ही ते डब्यात ओतायला निघालात, असे म्हणून त्या तिथेच मोडून काढाव्यात; हे म्हणणे अगदीच पोकळही नाही, त्यामुळे ते विश्वासाने म्हणता येते.

आणि ठरल्या तिथीला डीपी जळालीच, तर नेहमीचा विधी पाळावा. वर्गणी काढावी, ट्रॅक्टर गावाचा, डिझेल गावाचे, ती उतरवायला दोर आणि आठ माणसेही गावाचीच असावीत. वीज कंपनीच्या भांडाराच्या फाटकापाशी “ऑइल शिल्लक नाही, आले की कळवू” हे उत्तर टोपी काढून ऐकून घ्यावे आणि वाद घालू नये, कारण खिडकीतल्या माणसाकडे खरोखरच ऑइल नसते. परतीच्या वाटेवर मोंढा लागतो. ज्या आडतीवर ऑक्टोबरात सोयाबीन घातले, तिच्यासमोरच्या दुकानातून सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी आणि मेणबत्त्यांचा एक पुडा घ्यावा, ट्रॉलीत जळक्या डीपीशेजारी जागा असते तिथे ठेवावा, आणि पिशवीवरची किंमत अंधार पडण्याआधी वाचून घ्यावी.